इंग्रजी मयत आणि आमची बाज

एका रविवारी भरदुपारी आमच्या घरी लोक रडत आले. मेलं कुणीच नव्हतं. याला दोन गोष्टी जबाबदार होत्या. एक, इंग्लंडात बनलेला एक सिनेमा आणि दुसरा, मी. सुरुवातीला हा किस्सा सांगताना मी सिनेमाचा वाटा मोठा सांगायचो. हल्ली तो दर खेपेला थोडा कमी होतो. असंच चालू राहिलं तर एक दिवस सगळं माझ्याच अंगावर येईल आणि ते बरोबरच असेल.

मी कळमनुरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. खडकांचे प्रकार, नद्यांची वळणं, मोसमी वारे. पंधराएक वर्षं हे वारे पोरांच्या डोक्यावरून नेल्यावर एका उन्हाळ्यात मला वाटायला लागलं की आपल्यात काहीतरी दडलेलं आहे. पुण्यात चित्रपट रसास्वादाचा चार आठवड्यांचा वर्ग होता, तिथं अर्ज केला. त्यांनी घेतलं. पुढं कळलं की त्या वर्षी ते सगळ्यांनाच घेत होते, पण ते कळेपर्यंत माझी दाढी वाढून झाली होती.

परत आलो तो खांद्याला झोळी आणि तोंडात 'फ्रेम' हा शब्द घेऊन. जेवताना फ्रेम, एसटी स्टँडवर फ्रेम. चहाचा कप समोर आला की मी मान तिरकी करून म्हणायचो, "हा जरा डावीकडं ठेव, चित्राची उजवी बाजू जड होतेय." बायको म्हणायची, "जड होत असंल तर उचला अन् प्या, हलकी होईल." एकदा घरच्यांना सिद्धेश्वरच्या धरणावर नेलं आणि भिंतीवर उंचीप्रमाणे उभं केलं. पाठीमागं पाणी, वर आभाळ, एका कडेला माझे वडील एकटे. एकाकीपण दाखवायचं होतं मला. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा म्हणाले, "मला एकट्यालाच उन्हात काहून उभं केलं?" तेवढ्यात एक म्हैस येऊन बरोब्बर आबांच्या शेजारी थांबली आणि एकाकीपण संपलं. तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. येणारे-जाणारे म्हशीचं कौतुक करतात.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं.

मला एक मोठी बहीण आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. शिरड शहापूरला दिली आहे, घरी शेती. मी पुण्याहून आलो त्याच महिन्यात तिच्या मुलीचं लग्न झालं. लग्नाची शूटिंग तयार होऊन आली तेव्हा आक्कानं दोन्हीकडची माणसं जेवायला बोलावली, कारण आमच्याकडं शूटिंग एकट्यानं बघत नाहीत. ती व्याह्यांसोबत बघायची असते. 'हा आमचा मामा', 'ही त्यांची आत्या' असं बोट दाखवत, कोण किती नाचलं ते मोजत. आक्कानं टीव्ही पुसून ठेवला होता. तिच्या घरातलं पहिलं लग्न होतं ते.

मी मधेच उठून उभा राहिलो. कुणी उठवलं नव्हतं. टीव्हीकडं पाठ केली, वर्गात फळ्याकडं करतो तशी, आणि व्याह्यांना समजावून सांगू लागलो. नवरीच्या डोक्यावरून उडणारे राजहंस कसे अनावश्यक आहेत, वराचा चेहरा बदामात घातल्यानं काय बिघडतं, ताटांवर गुलाबाच्या पाकळ्या पडताना दाखवल्या की वरणाचं काय होतं. व्याही सज्जन. ते 'व्हय का' म्हणत ऐकत होते. मला वाटलं त्यांना गोडी लागली. पंगतीचं दृश्य लागलं होतं आणि कॅमेरा बराच वेळ एकाच जागी थांबला होता. मी मान वळवून एक नजर टाकली आणि म्हणालो, "कॅमेरावाला बहुतेक जेवायला गेला. आता ही फ्रेम बघा. हिच्यात बघण्यासारखं काहीही नाही. ही सगळी शूटिंगच दृश्यांचा उकिरडा आहे."

आक्का उठली, टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "चला, ताटं वाढलीत."

तिनं मला वाढलं, तूपसुद्धा वाढलं. पण निघताना उंबऱ्यावर हळूच म्हणाली, "भाऊ, त्या घरी आता मी आबाच्या मातीलाच येईन." आमच्याकडं मातीला जाणं म्हणजे मयतीला जाणं. मला वाटलं, रागात बोलली, दिवाळीला येईल. ती दिवाळीला आली नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही नाही. तीन भाऊबीजा गेल्या. ती आबांना फोन करायची तो मी कॉलेजात असतानाच. मी एकदाही जाऊन 'चुकलं' म्हणालो नाही. एका दृश्यावर पाऊण तास बोलणाऱ्या माणसाला ते दोन शब्द जमले नाहीत. मी मनाशी म्हणायचो, मतभेद कलेचा आहे.

आबा ऐंशीच्या पुढचे. बोलायचे कमी. पण दर दिवाळीला बाजेवर बसून म्हणायचे, "म्हंजी पोरीला भेटायचं तर मला मरावं लागंल म्हण की." बायको माझ्याकडं बघायची. मी भिंतीकडं बघायचो, म्हणजे म्हशीकडं.

दरम्यान मी गावात रसास्वाद मंडळ काढलं होतं. सभासद तीन. मेडिकलवाले, एक निवृत्त तलाठी आणि आमच्या कॉलेजातले हिंदीचे सर. पहिल्या दोन सिनेमांना तिघंही झोपले. तिसऱ्या खेपेला मी ठरवलं की काहीतरी जबरदस्त दाखवायचं आणि पुण्याच्या वर्गातल्या एका मित्राकडून तो इंग्रजी सिनेमा मिळवला. वर्गात आम्हाला तो दाखवला होता आणि त्यावर अडीच दिवस चर्चा झाली होती.

सिनेमा असा. समुद्राकाठी एक मोठं घर. भिंतीभिंतीवर कागद, त्यावर हिरवी पानं आणि पिवळे पक्षी. घरचा मालक म्हातारा न्यायाधीश, पहिल्याच दृश्यात जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीत बसल्या बसल्या मरतो. त्याच दिवशी त्याच्याकडं मोठी मेजवानी असते. बायको विचार करते, आता पाहुण्यांना परत कसं पाठवायचं. म्हणून ती त्याला तसाच बसवून ठेवते, गळ्याला रुमाल बांधते आणि मेजवानी सुरू करते. पाहुणे येतात, त्याच्याशी बोलतात, सल्ला विचारतात, वाद घालतात. तो मेलाय हे एकाच्याही लक्षात येत नाही, कारण जिवंतपणीही त्यानं कधी कुणाला उत्तर दिलेलं नसतं. प्रत्येक जण त्यानं आपलं ऐकलं असं समजून खूश होऊन जातो. सगळं इतकं देखणं की मेलेल्या माणसाच्या कोटाची घडीसुद्धा मोडलेली नाही. मला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता. कशाला काय म्हणायचं तेही पाठ होतं. भिंतीवरचे पक्षी म्हणजे साम्राज्याचा ऱ्हास, असं वहीत उतरवून घेतलं होतं मी.

त्या रविवारी दुपारी दोनला मी कार्यक्रम ठेवला. आमच्या पुढच्या खोलीत आबांची बाज असते. प्रेक्षक बसवायला जागा हवी म्हणून ती उचलून मी अंगणात भिंतीला उभी करून ठेवली. खिडक्यांना आतून घोंगड्या लावल्या. मंडपवाल्याकडून सतरंज्या आणि पांढऱ्या खुर्च्या आणल्या, जास्तीच्या अंगणात मांडल्या. बायकोनं पाहुण्यांची चादर द्यायला नकार दिला तेव्हा आबांचं कोरं धोतर दुहेरी करून पडदा म्हणून ताणलं. दारावर कागद चिकटवला : 'आत शांतता पाळावी. मध्ये बोलू नये.' आणि सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावून पोह्यांच्या रिकाम्या डब्यात गोळा केले, झाकण लावलं, डबा माळ्यावर ठेवला. पुण्यात असंच करत, फक्त तिथं डबा पोह्यांचा नव्हता.

यातली एकेक गोष्ट मी सौंदर्याच्या नजरेनं केली होती. सगळ्या मिळून काय दिसतंय याच्यावर मात्र नजर टाकली नाही. फ्रेम फ्रेम म्हणणाऱ्या माणसानं स्वतःच्या घराची फ्रेम एकदाही रस्त्यावरून बघितली नाही.

चिवड्याची बातमी पसरली होती म्हणून गल्लीतले वीसेक लोक जमले. आबा पहिल्या रांगेत, खुर्चीत. मी आधी पंचवीस मिनिटं प्रस्तावना केली. मग सिनेमा लावला आणि धोतराशेजारी उभा राहिलो, हातात वर्गात नकाशावर नद्या दाखवायची काठी. लोकांना खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचता येत नव्हत्या, म्हणून मी सांगत होतो. 'मध्ये बोलू नये' हे मला लागू नव्हतं.

"हे बघा, तो मेला. आता ती त्याला वाढतेय. इथं हसायचं आहे."

कुणी हसलं नाही. तलाठी म्हणाले, "सर, माणूस मेलाय अन् हसायचं काहून?"

"याला काळा विनोद म्हणतात," मी म्हणालो. "मरणावरचा विनोद."

"आपल्याला बी मरायचंच हाय की एक दिवस."

मी काठीनं भिंतीवरचे पक्षी दाखवले.

बाराव्या मिनिटाला सिनेमात त्या घरची स्वयंपाकीण रडते. मालकानं तिचं शेवटचं पक्वान्न चाखलं नाही म्हणून ती धाय मोकलून रडते आणि ते रडणं थांबतच नाही. सिनेमातला सगळ्यात विनोदी प्रसंग आहे तो. त्यासाठी मी आवाज मुद्दाम मोठा केला होता.

नेमकं त्याच वेळी आमच्या घरावरून दाजींच्या, म्हणजे आक्काच्या नवऱ्याच्या, भावकीतला एक माणूस गाडीवरून चालला होता. कळमनुरीत एक साखरपुडा होता, तिकडं. त्यानं आमच्याकडं बघितलं. दाराशी वीस-पंचवीस चपला. अंगणात सतरंजी आणि रिकाम्या खुर्च्या. खिडक्यांवर घोंगड्या. दारावर शांततेचा कागद. आत बाई रडतेय. आणि भिंतीला उभी केलेली म्हाताऱ्या माणसाची बाज. आमच्याकडं जिवंत माणसाची बाज दिवसाढवळ्या अंगणात अशी उभी करत नाहीत. तो आत आला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मयताच्या घरात पाऊल टाकलं की अंघोळ केल्याशिवाय शुभकार्याला जाता येत नाही आणि त्याला साखरपुड्याला जायचं होतं. म्हणून त्यानं रस्त्यावरूनच हात जोडले, कोपऱ्यावर जाऊन दाजींना फोन केला, "म्हातारं गेलं वाटतं," आणि पुढं जाऊन पेढा खाल्ला.

आक्कानं मला फोन लावला. बंद. बायकोला लावला. बंद. आबांचा, शेजाऱ्यांचा, मेडिकलवाल्यांचा, सगळे बंद. सगळे माळ्यावर, पोह्यांच्या डब्यात. एका गल्लीतले सगळेच फोन बंद म्हटल्यावर तिची उरलीसुरली आशा गेली.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. दीड तास होऊन गेला होता. खोलीत उकडत होतं, लोक मुकाट चिवडा खात होते. धोतरावर तो न्यायाधीश खुर्चीत ताठ बसलेला आणि एक पाहुणा त्याच्याशी तावातावानं भांडत होता. मी म्हणालो, "बघा, समोरचा माणूस मेलाय हे यांना दिसतसुद्धा नाही. किती आंधळी माणसं."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. उजेड आत आला आणि त्याच्यामागून आक्का.

"आबा, मला न भेटता काहून गेलात वो आबा..."

तिनं अंधारात पाहिलं ते असं. माणसं गोळा होऊन गप्प बसलेली. धोतरावर एक मेलेला माणूस खुर्चीत. आणि त्याच्यासमोर आबा खुर्चीत, मान एका खांद्यावर, तोंड उघडं, हात लोंबतोय. तिनं आबांच्या पायांवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडू लागली. तलाठी सवयीनं हात जोडून उभे राहिले. हिंदीच्या सरांनी डोळ्यांना रुमाल लावला. मागं दाजी, त्यांच्यामागं गावातली चार माणसं, डोक्याला पांढऱ्या टोप्या.

आणि मी? मी आबांकडं बघितलं. आबा हलत नव्हते. ते कधीपासून असे बसलेत, मला माहीत नव्हतं. पहिल्या रांगेत, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि दीड तासात मी त्यांच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. मी 'आंधळी माणसं' म्हणालो तेव्हा माझी काठी त्यांच्या डोक्यावरून गेली होती. माझ्या हातून ती खाली पडली.

काठीच्या आवाजानं आबांनी डोळे उघडले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. मग पायाशी बघितलं. "आक्का? तू कवा आलीस?"

आक्कानं मान वर केली. आबांच्या तोंडाकडं बघितलं. मग त्यांच्या गुडघ्यावर दोन चापट्या मारल्या आणि पुन्हा रडली, पण हे रडणं निराळं होतं. ते संपल्यावर ती माझ्याकडं वळली.

"फोन काहून उचलत न्हाईस?"

मी माळ्याकडं बोट दाखवलं. बायकोनं डबा काढून झाकण उघडलं. सगळ्यांनी आपापले फोन चालू केले आणि पुढची पाच मिनिटं ते नुसते टुणटुण वाजत राहिले.

आक्का उठली, पदर सारखा केला. "आबा बराबर हायत न्हवं. मग निघते मी."

तीन वर्षांनी ती आमच्या घरात उभी होती आणि दारापर्यंत चार पावलं होती. मला वाटलं, आता बोलावं. घसा खाकरला. तोंडातून शब्द आले ते असे, "सिनेमा संपायला पंधराच मिनिटं राहिलीत." बायकोनं कपाळावर हात मारला.

आक्का दारात पोचली आणि थांबली, कारण बाहेर दुसरी जीप येऊन उभी राहिली होती. तिच्यातून आक्काची जाऊ आणि शिरडच्या तीन बाया रडत उतरल्या. हातांत भाकऱ्यांची दुरडी, पिठल्याचं पातेलं आणि वर कडूलिंबाचा डहाळा. आमच्याकडं मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. सोयरे भाकरी घेऊन येतात, घरची माणसं लिंबाचा पाला जिभेला लावून खातात. त्याला कडू घास म्हणतात. या बायांनी घाईघाईनं साठ भाकऱ्या थापल्या होत्या.

आबा दारात आले तशा बाया रडता रडता थांबल्या. एकीनं तर डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्यांना नमस्कारही केला.

"आता या भाकरीचं काय करायचं?" जाऊ म्हणाली.

हा मोठा प्रश्न होता. मयताच्या घरी नेलेली भाकरी परत आपल्या उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. टाकून देणं तर पाप. तलाठ्यांनी जन्मभर बांधाचे निवाडे केलेले, त्यांनी हाही केला. "भाकरी आली त्या घरीच संपली पायजे. अन् आणणाऱ्यानं वाढली पायजे."

आक्कानं एकदा दुरडीकडं बघितलं, एकदा आबांकडं. मग पदर खोचला.

खोलीतच पंगत बसली. वीस आम्ही, दहा ते. पहिला घास आबांना. त्यांनी लिंबाचं पान जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं, पिठल्याचा घास घेतला. स्वतःच्या मातीचा कडू घास स्वतः खाणारा माणूस मी तेवढाच बघितला. सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"पिठलं अळणी हाय," आबा म्हणाले.

"घाईत मीठ ऱ्हायलं," जाऊ म्हणाली आणि हसायला लागली. मग दाजी हसले, टोपीवाले हसले, तलाठी तर इतके हसले की त्यांना ठसका लागला. दीड तास मी काठी घेऊन ज्याची वाट बघत होतो ते हेच होतं, हे मला तेव्हा कळलं. मीही हसलो, पण सगळ्यात शेवटी.

आबा आक्काला म्हणाले, "तू म्हणली व्हतीस, मातीलाच येईन. आलीस. शब्द पाळलास. आता माती झाली, घास खाल्ला, समदं झालं. हितून पुढं साधं येत जा."

आक्कानं त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली.

धोतरावर सिनेमा तसाच थांबवलेला होता. जाऊ म्हणाली, "त्या गोऱ्या म्हाताऱ्याला काय झालं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात बायको म्हणाली, "तुमी जेवा. नुसतं लावा." म्हणून मी नुसतं लावलं. पहिल्यांदाच माझ्याशिवाय.

बाया भाकरी खात बघू लागल्या. आक्का वाढता वाढता उभ्यानंच बघत होती. एका पाहुणीनं निघताना मेलेल्या न्यायाधीशाच्या गालाचा मुका घेतला आणि 'किती गार' अशा चेहऱ्यानं शाल पांघरून घेतली, तेव्हा आक्का फसकन हसली. भाषा येत नव्हती, ओळी वाचत नव्हती, तरी बरोबर हसायच्या जागी हसली. मग म्हणाली, "त्या म्हाताऱ्याच्या बायकोचा झगा बघ की. भिंतीसारखाच हाय. तेच पक्षी, तीच पानं. म्हणून ती कुणाला दिसून न्हाई राहिली. लोक मेलेल्याशी बोलून राहिलेत अन् जित्तीला कुणी पाणी बी इचारत न्हाई."

मी हातातला घास तसाच धरून बसलो. हा सिनेमा मी चारदा बघितला होता. पक्षी मला दिसले होते, झगाही दिसला होता. बाई दिसली नव्हती.

शेवटी पाहुणे जातात. ती बाई एकटी उरते, नवऱ्यासमोर बसते आणि आपलं ताट वाढून घेते. ताटातून वाफ निघत असते. "जेवली बाई एकदाची गरम," आक्का म्हणाली आणि सिनेमा संपला. पुण्यात त्या शेवटावर अर्धा दिवस चर्चा झाली होती.

उठायची वेळ झाली. आबा मात्र खुर्चीत बसून म्हणाले, "आता नातीच्या लगनाची शूटिंग लाव. मी अजून बघितली न्हाई. या धोतरावर मोठी दिसंल."

आक्कानं त्या वर्षी मला शूटिंगचा पेनड्राईव्ह दिला होता. तो माझ्या झोळीच्या तळाशी तसाच पडून होता. मी आणून लावला. राजहंस उडाले. बदाम फिरले. बायांनी बोटं दाखवायला सुरुवात केली, हा कोण, ती कोण, कोण किती नाचलं. मी भिंतीशी बसलो, काठीशिवाय. आक्का माझ्या शेजारी जागा होती म्हणून तिथं बसली.

मग पंगतीचं ते दृश्य आलं. कॅमेरा एका जागी थांबला. पाकळ्या पडू लागल्या. मधोमध एक झोळीवाला, दाढीवाला माणूस व्याह्यांसमोर उभा राहून दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत चौकट करून काहीतरी समजावत होता. व्याह्यांच्या हातातला घास तसाच राहिला होता. आणि मग मला मागं ती दिसली.

मंडपाचं कापड डाळिंबी होतं आणि आक्काची साडीही डाळिंबी. त्या कापडाला लागून ती उभी होती, दोन्ही हातांत ताट, ताटावर दुसरं ताट झाकलेलं. नवरीची आई. सकाळपासून पायावर उभी असेल. ती त्या बोलणाऱ्या माणसाच्या पाठीशी उभी होती, त्याचं बोलणं संपायची वाट बघत. एकदा तिनं एक पाऊल पुढं टाकलं, माणसानं हात उंचावून नवा मुद्दा काढला, ती पुन्हा मागं सरली. तिनं ताट या हातातून त्या हातात घेतलं. पाकळ्या पडत राहिल्या. पाच मिनिटं ती तशी उभी होती आणि त्या माणसानं एकदाही मागं वळून बघितलं नाही. मग ती ताट घेऊन निघून गेली.

हीच ती फ्रेम. हिच्यात बघण्यासारखं काहीही नाही, असं मी तिच्याच घरात, तिच्याच व्याह्यांसमोर, तिच्याकडं न बघता म्हणालो होतो.

"कुणाचं ताट होतं ते?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"तुझं," आक्का म्हणाली. "तू जेवला नव्हतास. तसंच नेऊन ठेवलं मंग."

माझे डोळे भरून आले. अंधार होता ते बरं झालं. धोतरावर आता नवरी रडत होती आणि खोलीतल्या बायाही तिच्याबरोबर पुन्हा डोळे पुसत होत्या, या खेपेला रीतसर.

"आक्का," मी म्हणालो, "माझं चुकलं."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ती समोर बघत होती, लेकीकडं. तिनं फक्त आपल्या हातातला भाकरीचा उरलेला चतकोर माझ्या हातावर ठेवला.

"गप बस," ती म्हणाली. "मधी बोलायचं न्हाई. तूच लिवलंस न्हवं का दारावर."

मी गप्प बसलो आणि भाकरी खाल्ली.